बुवांच्या पानात महेरी

प्रवचनं मी जन्मभर ऐकत आले. इतकी, की बुवा आता कोणता दृष्टांत देणार ते मी शेजारच्या बाईच्या कानात आधीच सांगून टाकते, आणि ती म्हणते, "अहो ताई, गप बसा ना, मला रडायचंय." खरंच सांगते, आम्ही रडायलाच जातो.

त्याचं कारणही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल या बायका ढोंगी आहेत. ढोंगी नाही हो. झाशीत मराठी ऐकायला मिळतं कुठे? दूधवाले भैया हिंदीत, डॉक्टर हिंदीत, रिक्षावाला तर ठेठ बुंदेलीत. नातवंडांना मी मराठीत विचारते, "जेवलास का?" ती म्हणतात, "हाँ आजी, खा लिया." समजतं सगळं, तोंडातून येत नाही. खंडेराव गेटच्या आतच माझा जन्म, सासरही तिथून चार गल्ल्या पुढे. शाळा हिंदी. मराठी अक्षरं मी जुन्या पंचांगांवरून आणि दक्षिणेतून आलेल्या चिवड्याच्या पुडक्यांवरून जुळवून जुळवून शिकले. दक्षिण म्हणजे महाराष्ट्र, आमच्या घरची जुनी माणसं तसंच म्हणत. तर अशा गावात श्रावणात तिकडून कुणी बुवा यावेत, देवळात चौरंगावर बसून त्यांनी "मायबाप हो" म्हणावं, की आमचे डोळे भरलेच. त्यांच्या शब्दांचा नाद आम्ही प्यायचो. ते काय करा म्हणून सांगताहेत, तिथपर्यंत कान पोचेस्तोवर आरती सुरू व्हायची.

मी सांगते आहे त्या श्रावणातले बुवा वयानं बरेच होते. आवाज बारीक, पण बोलणं असं की समोर बसून आपल्याच घरचं कुणी समजावतंय. ओरडणं नाही, हातवारे नाहीत. महिनाभर देवळामागच्या खोलीत राहायचे आणि दुपारचं जेवण पाळीपाळीनं आमच्या घरी.

आता या पाळीचं ऐका. बुवा दक्षिणेतले, म्हणजे जणू तिकडून आमची परीक्षा घ्यायलाच आलेले. इतक्या पिढ्या इकडे काढून आम्ही मराठी राहिलो की नाही? बोलण्यात हिंदी शिरली, नऊवारी ट्रंकेत गेली, पोरांची लग्नं इकडच्याच मुलींशी होऊ लागली. राहिलं काय? पुरण राहिलं. म्हणून ज्या घरी बुवा जातील त्या घरी पुरणपोळी, कटाची आमटी, वर तुपाची धार. आमच्या मराठी बायकांच्या मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर दुपारी बरोबर ताटाचा फोटो यायचा. खाली सगळ्यांचं "अप्रतिम" आणि हात जोडलेले. मग दुसऱ्या दिवशीची पाळीवाली पुरणपोळीशिवाय श्रीखंडही करायची.

आणि त्याच महिन्यात बुवांचा विषय काय होता म्हणता? जिभेला आवरणं. थोडक्यात समाधान. एके संध्याकाळी तर त्यांनी हसत हसत सांगितलंच, "मायबाप हो, माझ्या डॉक्टरनं माझी साखर बंद केली, आणि झाशीनं ती चालू केली." काय हसलो आम्ही! किती विनोदी बुवा आहेत, म्हणत घरी आलो आणि दुसऱ्या दिवशीच्या पाळीवालीनं डाळ भिजत घातली.

बुवांचा एक नेम होता. पानात जे येईल ते खायचं, टाकायचं नाही, नको म्हणायचं नाही. अन्न वाढणाऱ्याचा हात मागे फिरवू नये असं ते मानत. त्यामुळे ते खात गेले. पंधरवड्यानंतर चौरंगावरून उतरताना त्यांना खांबाचा आधार लागायला लागला. पावलं सुजलेली दिसायची, पाण्याचा पेला ओठाशी नेताना हात कापायचा. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. पाहून आम्ही काय ठरवलं? बुवांना अशक्तपणा आलाय, तूप थोडं जास्त वाढायला हवं.

आता त्या मुलीकडे येते, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

माझ्या शेजारी एक कुटुंब राहतं. नवरा रेल्वेत होता म्हणून भुसावळकडून इकडे आले आणि इथलेच झाले. त्या बाईला मी वहिनी म्हणते. वहिनी म्हणजे ताठ मानेची बाई. बोलायला गोड, पण कुणी एक शब्द लावला तर दोन परत करणारी. त्यांचा मुलगा बिजौलीत एका कारखान्यात नोकरीला, आणि तिथेच हिशेब बघणारी एक मुलगी त्यानं पसंत केली. मुलगी मऊरानीपूरकडची, बुंदेली. वहिनींनी लग्न करून दिलं, हौसेनं करून दिलं. पण मंडळातल्या बायकांनी त्या मुलीला कधी नावानं हाक मारली नाही. "वहिनींची बुंदेलीवाली", एवढंच तिचं नाव. हळदीकुंकवाला बोलवायच्या, पण आत स्वयंपाकाला कुणी हात लावू द्यायचं नाही. "अगं, तू बस, तुला नाही जमायचं."

तिच्या मनाला ते लागायचं. दाखवायची नाही. पण एका रविवारी माझ्या दारात येऊन उभी. "काकी, पुरणपोळी शिकवाल का? मम्मीजी को मत बताइएगा."

मग जवळजवळ वर्षभर, सुट्टीच्या दिवशी, माझ्या स्वयंपाकघरात तिची शिकवणी. पहिल्यांदा काय झालं असेल ते बायकांना सांगायला नको. पुरण पोळीतून निसटून तव्यावर, तव्यावरून गॅसवर, आणि धूर असा की खालून माझा नातू ओरडला, "आजी, घर जल रहा है क्या?" ती रडत नव्हती, हसत होती. पुन्हा लाटायची. डाळ किती शिजवायची, कट कधी काढायचा, गूळ घातल्यावर उलथनं पुरणात सरळ उभं राहीपर्यंत हलवत बसायचं, सगळं तिनं हाताला शिकवलं. शेवटी शेवटी तिची पोळी माझ्यापेक्षा पातळ व्हायला लागली. मी तिला म्हटलंसुद्धा, "आता तू मला शिकव."

त्या श्रावणात वहिनींच्या घरची पाळी आली तोवर शिकवणीचं गुपित फुटलं होतं, आणि वहिनी म्हणाल्या, "यंदा सूनबाई करेल." मंडळात बायकांनी भुवया चढवल्या. एकीनं तर तोंडावर विचारलं, "मग बाहेरून मागवणार का?" मुलीनं ते ऐकलं. त्या दिवसाची ती वाटच बघत होती. एक ताट नीट उतरलं, ग्रुपवर एक फोटो गेला, की ती आमच्यातली होणार होती. मलाही तसंच वाटत होतं. तिच्यापेक्षा मीच जास्त उतावीळ होते म्हणा ना.

पाळीच्या आदल्या संध्याकाळी प्रवचनाला ती कामावरून परस्पर आली, सासूचे गुडघे दुखतात म्हणून हात धरून घरी न्यायला. मागे भिंतीला टेकून बसली. तिला मराठी अर्धीच कळायची, म्हणून ती कपाळाला आठ्या घालून ऐकायची, शाळेतल्या पोरीसारखी. एकेक वाक्य पकडायची, उलटून बघायची, मग खाली ठेवायची. आम्हाला सगळं कळत होतं, त्यामुळे आम्ही नुसत्या डोलत होतो. बुवा त्या दिवशी म्हणाले, "जेवू घालताना खाणाऱ्याच्या पोटाकडे बघावं, आपल्या नावाकडे बघू नये. नावासाठी वाढलेलं अन्न देवाच्या खात्यात जमा होत नाही." वहिनींनी पदरानं डोळे पुसले. मीही पुसले.

परत येताना रस्त्यात ती मला म्हणाली, "काकी, ये पेट और नाम वाली बात, ये अपने को बोल रहे थे क्या?"

मी म्हटलं, "अगं, ते सगळ्यांसाठी असतं."

"सबके लिए माने किसके लिए?"

मी म्हटलं, "बाई गं, प्रवचन आहे. ऐकायचं, मनाला बरं वाटतं." वहिनी तिचा हात धरून चालत होत्या, उद्या कोणती साडी नेसायची त्याच विचारात.

सकाळी मी लवकरच त्यांच्याकडे गेले, काही लागलं तर हाताशी असावं म्हणून. स्वयंपाकघरात पातेल्यात पुरण तयार. मी उलथनं रोवून बघितलं, खांबासारखं उभं राहिलं. रंग, वास, काही विचारू नका. कणीक तेलात मळून झाकून ठेवलेली. मी खुशीत तिच्या पाठीवर थाप मारली. तर दुसऱ्या शेगडीवर काहीतरी शिजत होतं. झाकण काढलं. जाडसर दळलेली ज्वारी, ताकात.

"हे काय?"

"महेरी," ती म्हणाली. "बुवांसाठी. साथ में लौकी, और मिर्ची का ठेचा."

महेरी म्हणजे इकडच्या खेड्यातलं रोजचं अन्न. दळलेली ज्वारी ताकात शिजवायची आणि मीठ घालायचं, संपलं. पाहुण्यांना कुणी देत नाही.

"आणि पुरणपोळी?"

"नहीं परोसूँगी, काकी."

मी तिला वेड्यात काढलं. वर्षभराची मेहनत आहे, तुझा दिवस आहे, बायका वाट बघताहेत, सगळं सांगितलं. म्हटलं, "दोन्ही वाढ. त्यांना हवं ते खातील." तर म्हणाली, "पानात आलं की ते खाणारच ना. छोड़ते कहाँ हैं? मग मी दोन्ही वाढून काय उपयोग?"

तेवढ्यात वहिनी आल्या, इस्त्रीची साडी, केसात गजरा. त्यांनी महेरी बघितली आणि दारातच थांबल्या.

"हे कुणासाठी?"

"बुवांसाठी, मम्मीजी."

"माझ्या घरी बुवांना दलिया? अगं, गावात तोंड दाखवायचंय मला! त्या सगळ्या काय म्हणतील? म्हणतील, बुंदेलीवालीला जमलं नाही, शेवटी आपलंच काहीतरी करून ठेवलं."

"म्हणतील," ती म्हणाली.

"आणि तुला चालेल?"

तिनं महेरी एकदा ढवळली. चालेल असं म्हणाली नाही, खोटं कशाला सांगू. म्हणाली, "मम्मीजी, काल बुवा बोलत होते तेव्हा तुम्ही रडलात ना?"

"रडले म्हणजे? सगळ्याच रडतात!"

हे वहिनी असं तडकून बोलल्या आणि बोलून गजरा चाचपायला लागल्या. बाहेर बुवांच्या काठीचा आवाज आला. आता भांडायला वेळच नव्हता. वहिनी हात जोडत बाहेर गेल्या, आणि आत मी बघत राहिले. मुलीनं चांदीच्या ताटात, वहिनींच्या माहेरच्या ताटात, महेरी वाढली. दुधी वाढला. ठेचा वाढला, लिंबाची फोड ठेवली. पुरणाच्या पातेल्यावर तिनं परात झाकली आणि ताट घेऊन बाहेर गेली.

बुवांनी पान बघितलं. नेहमी ते डोळे मिटून श्लोक म्हणायचे आणि मग एखाद्या कामाला लागल्यासारखे खायला लागायचे. त्या दिवशी श्लोक म्हणायचा राहूनच गेला. पहिला घास घेतला आणि म्हणाले, "या तर कण्या! ताकातल्या कण्या. आमच्याकडे, माझी आई करायची. रानातून आली की हेच. आई गेल्यावर कुणी केल्याच नाहीत."

मुलीला कण्या म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली, काही चुकलं की काय. मी मानेनंच सांगितलं, वाढ आणखी. बुवांनी दुसऱ्यांदा घेतलं, तिसऱ्यांदा वाटी स्वतः पुढे केली. इतक्या दिवसांत त्यांनी स्वतः होऊन काही मागितलेलं आम्ही बघितलं नव्हतं. हात धुताना त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, "बाळ, आज मी जेवलो." एवढंच. आत पुरण झाकून ठेवलंय हे त्यांना कळलं नाही, कधीच कळलं नाही.

ते गेले आणि वहिनींचा फोन वाजायला लागला. ग्रुपवर विचारणा. "फोटो कुठाय?" "आम्ही वाट बघतोय." "पोळ्या जमल्या का?" मग एकीचं, हसणाऱ्या तोंडासकट, "की फसलं पुरण?"

मला राहवेना. मी म्हटलं, "वहिनी, मी लिहिते. पातेल्याचा फोटो काढून टाकते, उलथन्यासकट. बघू दे सगळ्यांना."

मुलगी भांडी उचलत होती. म्हणाली, "काकी, मत डालिए ना. फिर तो नाम ही की बात हो गई." आणि आत गेली.

मी वहिनींकडे बघितलं. ही ती बाई, जिनं मुलाच्या लग्नात एका व्याह्यानं पाण्यावरून काही म्हटलं तर भर मांडवात त्याला सुनावलं होतं. चष्मा लावून ती ग्रुप वाचत बसली होती. एकेक अक्षर बोटानं दाबत तिनं काहीतरी लिहिलं आणि फोन माझ्या हातात दिला. "बघा, बरोबर लिहिलंय का." तिनं लिहिलं होतं, "हो, पुरण फसलं. डाळ माझीच कच्ची राहिली. बुवा कण्या जेवले."

माझीच, असं लिहिलं होतं. सुनेची नाही.

"वहिनी!" मी म्हटलं.

"काय वहिनी? काल रडले ना मी?" त्यांनी फोन परत घेतला आणि गजरा काढून देवापुढे ठेवला.

त्या संध्याकाळी देवळात बायकांनी काही सोडलं नाही. "अहो, डाळ आधी भिजवायची असते." "आमच्याकडे पाठवायची होती डाळ." "जाऊ दे, सूनबाई इकडची, तिचं काय चुकलं." वहिनी "हो ना, हो ना" म्हणत बसल्या. ओठ असे घट्ट मिटलेले, की आता फुटतील की मग फुटतील असं मला वाटत होतं. फुटल्या नाहीत. त्या दिवशी त्या प्रवचनात रडल्या नाहीत, एवढं मी बघितलं.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी मला बोलावलं. दार लावून मुलीनं पोळ्या केल्या. मी आजवर ज्या ज्या घरी पुरणपोळी खाल्ली, त्या सगळ्या आठवून सांगते, तशी नाही खाल्ली. काठापर्यंत पुरण पोचलेलं, आणि पोळी हातात घेतली तर दुमडून पडेल इतकी मऊ. वहिनींनी एक खाल्ली, दुसरी घेतली. मग सुनेच्या पानात स्वतःच्या हातानं तूप वाढलं.

दुसऱ्या दिवशीच्या पाळीला पुरणपोळी होतीच. आणि बासुंदी. फोटो आला, खाली "अप्रतिम" आलं. कुणी बदललं नाही हो, मी काही गोड करून सांगत नाही. बुवांचं बोलणं कानांत गेलं आणि तिथेच बसून राहिलं, नेहमीसारखं. मात्र त्या दिवसापासून मुलगी बिजौलीतून परतताना रोज देवळामागच्या खोलीत डबा ठेवून यायची, रात्रीच्या जेवणासाठी, नाहीतर रात्रीही दुपारच्या पाळीचंच उरलेलं गोड असायचं. कधी महेरी, कधी नुसती मुगाची डाळ आणि ज्वारीची भाकरी. भाकरी थापायलाही ती आता शिकली होती, बुवांनीच शिकवलं म्हणे, खोलीच्या ओट्यावर बसून, तोंडी. बुवांनी महिना पुरा केला. शेवटच्या दिवशी चौरंगावरून ते खांब न धरता उतरले.

आता हे लिहिते आहे, तर लोक विचारतील की तुम्ही मंडळात खरं का सांगितलं नाही. सांगावंसं हजारदा वाटलं. जिभेवर येऊन परत जातं. पण ती मुलगी समोर दिसते आणि मला वाटतं, हिनं जे हातानं सोडलं ते मी तोंडानं परत कशाला आणून देऊ? एवढी प्रवचनं ऐकली, त्यातलं एक वाक्य कुणीतरी पूर्ण पाळलेलं मी डोळ्यांनी बघितलं. दोघींनी पाळलेलं बघितलं. यापेक्षा बुवांना तरी काय हवं होतं? नावं मी कुणाचीच घातली नाहीत, ती तिला चालायची नाहीत.

मंडळात ती अजून पुरण फसलेल्या घरची आहे. गौरींच्या जेवणाला सगळ्या मिळून स्वयंपाक करतात, तेव्हा तिला भाताकडे बघायला सांगतात. परवाच्या गौरींनाही तसंच. मोठ्या पातेल्यापाशी ती उभी, आणि शेजारच्या शेगडीवर आमच्यातलीच एक, चांगली अनुभवी, घाईघाईनं पोळी उलटत होती. पोळी फाटली, पुरण बाहेर आलं, धूर झाला. ती बाई चिडचिडली, तव्याला नावं ठेवायला लागली. मुलीनं हात पुढे केला, तिच्या शेगडीची आच थोडी कमी केली, आणि भाताचं झाकण उचलून शीत चेपून बघायला लागली.